एकसष्ट वर्षांचा आवाज

हे खरं घडलेलं आहे.

आता लगेच कुणीतरी म्हणणार, सगळेच असं म्हणतात. म्हणोत. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच पान उलटावं, माझा राग नाही.

खरं म्हणजे आहे राग. बारा वर्षं मी हे मनात ठेवलं ते अशाच शहाण्या लोकांमुळे. मी डॉक्टर आहे. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. आणि या हकिकतीत भूत नाहीच. भूत व्हायला आधी माणूस मरावा लागतो.

यातला माणूस जिवंत आहे.

तारीख १३ डिसेंबर १९८६, शनिवार. जागा एडिनबराच्या बाहेरचं एक जुनं हॉस्पिटल, त्याच्या आवारातले डॉक्टरांचे क्वार्टर्स. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. वेळ दुपारी चारची. पण डिसेंबरात स्कॉटलंडमध्ये दुपारी चारला मिट्ट काळोख झालेला असतो. इथे रात्रीची वाट बघावी लागत नाही, रात्रच दुपारी चहाला येते.

मी शशिधर. तेव्हा तेहतीस वर्षांचा. सर्जन व्हायला साताऱ्याहून आलो होतो. परीक्षेत तीनदा नापास झालो आणि म्हाताऱ्यांच्या वॉर्डात येऊन पडलो. इथला गोरा डॉक्टर त्या वॉर्डात पाय ठेवत नसे, म्हणून आमच्यासारख्यांना तिथे नोकरी मिळे. वीस खाटा आणि वीस म्हाताऱ्या. बऱ्या होऊन घरी कुणीच जात नसे. रविवारी दुपारी काहींची मुलं येत. बाकीच्या दाराकडे बघत बसत.

बायको अनुराधा आणि मी, आम्ही तळमजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. खिडकीबाहेर हॉस्पिटलचे कचऱ्याचे डबे. आणि खोलीत एक रेडिएटर होता. दिवसरात्र ठोकत असायचा. टक. टक टक. टक. सहा वेळा तक्रार केली. कुणी आलं नाही.

आई साताऱ्याला एकटी होती. निवृत्त शिक्षिका. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्याकडे फोन नव्हता. त्या काळी आम्ही सगळे करायचो तेच मीही करत असे, पत्राऐवजी कॅसेट पाठवायची. एका बाजूला आम्ही बोलायचं. तिने ती ऐकायची, दुसऱ्या बाजूला आपलं उत्तर भरायचं आणि तीच कॅसेट परत पाठवायची.

आणि त्या कॅसेट्समध्ये मी खोटं बोलायचो.

"आई, परीक्षा पास झालो. आई, आम्ही घर घेतलंय. मागे छान बाग आहे, गुलाब लावलेत." अनुराधा शेजारी बसून कपाळावर हात मारायची. पण बोलायची नाही. एकदा बोललेलं खोटं कॅसेटवर गेलं की परत येत नाही. मग पुढच्या कॅसेटमध्ये गुलाबांना फुलं आणावी लागतात.

एप्रिलमध्ये आई कायमची आमच्याकडे येणार होती. कागदपत्रं झाली होती. व्हिसासाठी मुंबईचा इंटरव्ह्यू झाला होता. घरमालकाला तिने सांगून टाकलं होतं, मार्चअखेर खोल्या सोडते. भांडी वाटायला घेतली होती.

आणि मला ती यायला नको होती.

हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. ती आली असती तर तिला बाग दिसली नसती, कचऱ्याचे डबे दिसले असते. मुलगा सर्जन नाही, म्हाताऱ्यांचे मूत्रमार्ग तपासणारा ज्युनिअर आहे हे दिसलं असतं. अनुराधाला ती यायला हवी होती. मला नको होती. पण तसं सांगायची माझी छाती नव्हती.

आता त्या नाटकाबद्दल.

स्कॉटलंडातली आम्ही अकरा मराठी घरं. दर संक्रांतीला एका चर्चच्या हॉलमध्ये जमायचो. त्या वर्षी डॉक्टर उदयच्या डोक्यात आलं की श्रुतिका करायची, तीसुद्धा विज्ञानकथा. उदय डंडीला मानसोपचाराचा डॉक्टर होता. स्वतःला लेखक समजायचा. गोष्ट अशी होती. कॅप्टन रणजित नावाचा अंतराळवीर एकटा यानात आहे. त्याला रेडिओवर एक संदेश येतो. बोलणारा माणूस म्हणजे तो स्वतःच असतो, पुष्कळ वर्षांनंतरचा. म्हातारा झालेला, कडवट, दुष्ट. तो तरुण रणजितच्या मागे लागतो आणि त्याच्याकडून एक वाईट काम करून घेतो.

आम्ही सगळे ऑन-कॉल. एकत्र जमणं अशक्य. म्हणून उदयने पद्धत काढली. प्रत्येकाने आपापल्या खोलीत आपली वाक्यं रेकॉर्ड करायची, दुसऱ्याच्या वाक्यासाठी मध्ये जागा रिकामी सोडायची आणि कॅसेट पोस्टाने त्याला पाठवायची. तो सगळं जोडणार.

पुरुष कमी होते. दोन्ही रणजित मीच.

"अरे शशी, ओल्ड रणजितला व्हिलन करू नकोस हं," उदय फोनवर म्हणाला. "टायर्ड बोल. ज्याला कशाचंच काही वाटत नाही, तसा. तुला जमेल, यू सी इट एव्हरी डे."

त्या शनिवारी मी ऑन-कॉल होतो, पण वॉर्ड शांत होता. दुपारी तीनला टेबलावर रेकॉर्डर ठेवला. अनुराधाला सांगितलं, भांड्यांचा आवाज नको. आधी एका कॅसेटवर तरुण रणजितची वाक्यं भरली. मग नवी कॅसेट घातली आणि म्हाताऱ्याची भरली. एकूण अकरा वाक्यं. प्रत्येकानंतर जागा रिकामी. सगळं मिळून नऊ मिनिटं.

चार वाजता ऐकायला बसलो. बाहेर काळोख. अनुराधा दारात येऊन उभी राहिली.

तरुण रणजित ठीक वाटला. मागे रेडिएटर वाजत होता, टक टक, पण त्याला इलाज नव्हता.

मग म्हातारा सुरू झाला.

"मला ओळखलंस?"

मला माझंच कौतुक वाटलं. काय आवाज लागला होता! जड, कोरडा, प्रत्येक शब्दाचा कंटाळा आलेला.

अनुराधा म्हणाली, "शशी... रेडिएटर कुठे गेला?"

मी ऐकलं.

खरंच... नव्हता.

त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, पाच मिनिटांच्या अंतराने भरलेला आवाज. पहिल्या कॅसेटवर ठोके स्पष्ट. दुसरीवर एकही नाही. खोलीत तर तो आत्ताही वाजत होता. कॅसेटवर त्या माणसाच्या मागे काहीच नव्हतं. गाडी नाही, वारा नाही. तो कुठेतरी फार मोठ्या, रिकाम्या जागेत बसून बोलत होता.

"थांबला असेल मध्येच," मी म्हणालो.

पाचवं वाक्य झालं. सहावं झालं. सहाव्यानंतरची रिकामी जागा आली...

कुणीतरी घसा साफ केला.

मी नव्हता केला.

मग... "शशी."

रणजित नाही. शशी.

"आई येतेय ना एप्रिलमध्ये?"

बटण दाबायचं सुचेना.

"तुला ती नकोय. पण तुझ्यात तेवढी धमक नाही. भेकड आहेस तू, पहिल्यापासून. मी सांगतो तिला."

मग सातवं वाक्य. माझं, स्क्रिप्टमधलं.

अनुराधा पुढे आली आणि तिने रेकॉर्डर बंद केला. तिचा चेहरा मी विसरणार नाही. ती घाबरलेली नव्हती. ती संतापलेली होती.

"हे काय बोललास तू?"

"मी नाही बोललो."

"मग कोण बोललं? तुझाच आवाज आहे तो! आई यायला नकोत, यू डोन्ट वॉन्ट हर, हे तू मशीनला सांगतोस? मला नाही सांगत?"

मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा लावली. सहावं वाक्य आलं. मग रिकामी जागा... नुसती खरखर. सातवं वाक्य. अकराही वाक्यं जशीच्या तशी, मध्ये कुणी नाही. चार वेळा ऐकलं. काही नाही.

फक्त रेडिएटर तेवढा आलाच नाही.

"पुसलंस," अनुराधा म्हणाली. आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.

रविवार वॉर्डात गेला. सोमवारी सकाळी सुटलो तेव्हा सलग अठ्ठेचाळीस तासांत चार तास झोपलो होतो. टेबलावर तीन कॅसेट पडल्या होत्या. दोन रणजितच्या, उदयला पाठवायच्या. आणि एक आईसाठी गुरुवारी भरलेली, बागेची आणि गुलाबांची. तिन्ही एकाच कंपनीच्या. नावं लिहायचा मला कंटाळा. दोन पाकिटं केली, पेटीत टाकली, झोपलो.

बुधवारी उदयचा फोन आला. हसत होता.

"अरे लेका, तुझ्या आईची कॅसेट मला आलीय! रोझेस काय, गार्डन काय! डस्टबिनशेजारी राहतोस ना तू? आणि ओल्ड रणजित कुठाय?"

तो साताऱ्याच्या वाटेवर होता.

आता नीट ऐका. विमानाने कॅसेट साताऱ्याला पोहोचायला दहा-बारा दिवस लागत. ख्रिसमसच्या गर्दीत जास्तच. आईच्या खालच्या मजल्यावर सुप्रभाताई राहत, त्यांच्याकडे फोन होता. नंबर माझ्या डायरीत होता. "आई, चुकीची कॅसेट येतेय, ती लावू नकोस." एवढं एक वाक्य सांगायचं होतं.

मी अनुराधाला सांगितलं, लाइन लागत नाही.

मी एकदाही फोन फिरवला नव्हता.

का? तेव्हा मी स्वतःला सांगत होतो, त्यात आहे काय? नाटकाची अकरा वाक्यं. आई हसेल. पण मनाच्या तळाशी मला ठाऊक होतं. कुणीतरी माझं काम करायला निघालं होतं. मी त्याला जाऊ दिलं.

नऊ जानेवारीला आईचं निळं पत्र आलं. चार ओळी. गुडघे दुखतात, तिकडची थंडी सोसणार नाही, घरमालकाला विचारून खोल्या ठेवून घेतल्या आहेत. तेव्हा येत नाही. राग मानू नये.

अनुराधा रडली. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

आणि मला हायसं वाटलं. मी काही देवमाणूस नाही, खरं ते सांगतो. पत्र वाचल्यावर पहिल्या क्षणी मला हायसंच वाटलं. त्या क्षणाबद्दल मी स्वतःला आजपर्यंत माफ केलेलं नाही.

आठ दिवसांनी कॅसेट परत आली.

अनुराधा कामावर होती. पुन्हा तीच वेळ, दुपारचे चार. बाहेर बर्फ. मी दिवा लावला, रेकॉर्डर पुढे ओढला. पहिली बाजू पूर्ण ऐकली. माझी अकरा वाक्यं. मग शेवटपर्यंत खरखर. त्यात आईचं नाव नाही, एप्रिल नाही, येऊ नको असं कुठे नाही.

मग दुसरी बाजू लावली.

आईचा आवाज. शाळेत हजेरी घ्यायची तसा, स्पष्ट.

"ऐकतोयस ना?"

मग ती थांबली. चार-पाच सेकंद.

"हो, तुझ्याशीच बोलतेय. शशीशी नाही. शशी असा नाही बोलत माझ्याशी. तो घाबरतो आणि गोड बोलतो."

मी रेकॉर्डर आणखी जवळ ओढला.

"एकसष्ट पूर्ण झाली म्हणालास. मग साठीशांत कुणी केली का रे तुझी?"

थांबली...

"नाही ना? वाटलंच मला. दिवे लावून ओवाळलंसुद्धा नाही कुणी?"

थांबली...

"अगं बाई. एकटाच बसलायस होय."

स्क्रिप्टमध्ये वय कुठेच नव्हतं. मी उदयचे ते सगळे कागद पुन्हा पुन्हा वाचलेत. त्यात एकसष्ट हा आकडा नाही.

"येऊ नकोस म्हणतोस, नाही येत. ओरडू नकोस. मला नीट ऐकू येतं."

थांबली. या वेळी बराच वेळ. तिचा श्वास ऐकू येत होता. कुणाचं तरी बोलणं सहन करताना माणूस श्वास घेतो तसा.

"ती खाटेची गोष्ट पुन्हा सांगू नकोस. एकदा ऐकली ती पुरे झाली."

कसली खाट? मला काही कळलं नाही. तेव्हा.

"माझं एवढंच मागणं आहे. शशीच्या वाटेला जाऊ नकोस. तो अजून चांगला आहे. बागेबिगेचं खोटं बोलतो, मला का कळत नाही? बाग असती तर कॅसेटमध्ये एकदा तरी पाखरू बोललं असतं. मागे नुसतं काहीतरी टकटक करत असतं. कसल्या खोलीत राहतात पोरं, देव जाणे. मी जाणारच होते, त्याला सांगणार होते, बाग नसली तर नसू दे..."

इथे तिचा आवाज हलला. आई कधी रडत नसे. वडील गेले तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"तुला काय झालं रे असं व्हायला? कुणी छळलं का? की आपलं आपणच?"

थांबली. त्या वेळी खूप वेळ थांबली...

"बरं. नाही विचारत. ही कॅसेट शशीला ऐकवू नकोस. मला पत्ता हा एकच माहीत आहे. तुझ्याच हाती पडो. जेवत जा वेळेवर."

खट्. तिने बंद केलं.

मी तसाच बसून राहिलो. रडत होतो. कॅसेट फिरत होती. खरखर... खरखर...

मग खरखरही थांबली.

तशी शांतता मी आधी एकदाच ऐकली होती. मोठ्या, रिकाम्या जागेची.

"ऐकलंस?"

माझा आवाज.

"आता थोबाड बंद ठेव."

मी कॅसेट ओढून काढली. तसाच, पायात बूट नसताना, बर्फातून पळत गेलो. वॉर्डातला घाण कचरा जाळायची भट्टी होती मागे, तिच्यात टाकली. तिथला पोर्टर माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "यू ऑल राइट, डॉक?"

श्रुतिका झालीच नाही. म्हाताऱ्याची वाक्यं पुन्हा भरायला मी साफ नकार दिला. उदय मला काय काय बोलला ते इथे छापता येणार नाही.

त्या संध्याकाळी मात्र मी सुप्रभाताईंकडे फोन लावला. लाइन पहिल्या झटक्यात लागली. त्यांनी आईला वरून बोलावून घेतलं.

"आई, तू ये. बाग नाहीये. पासही झालो नाही. तू ये."

ती हसली. "अरे, मला ठाऊक आहे ते. पण गुडघे फार दुखतात रे."

"आई, त्या कॅसेटमध्ये काय होतं?"

"कसली कॅसेट?" आई म्हणाली.

त्याला शब्द देऊन बसली होती. माझी आई दिलेला शब्द मोडत नसे.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात मी एकटा साताऱ्याला गेलो, तिला घेऊन यायचंच असं ठरवून. तीन दिवस भांडलो. ती काही बधली नाही. माझ्याकडे निरखून बघायची मात्र, मी जेवत असलो, वाचत असलो की. काहीतरी शोधत असल्यासारखी.

निघायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, तिने मला पाटावर बसवलं. ना वाढदिवस ना सण. कुंकू लावलं. मग मोठं ताट घेऊन आली. ताटात कणकेचे इवलेसे दिवे, तुपाच्या वाती. ताट जड होतं.

"हे काय गं?"

"असू दे. पुढचं आत्ताच करून घेते. तेव्हा कोण असेल, कोण नसेल."

ती ओवाळत होती आणि मी दिवे मोजत होतो.

एकसष्ट.

मी पाटावरून उठलो नाही. उठायला हवं होतं, तिला मिठी मारायला हवी होती, नाही म्हणायला हवं होतं. मी पाया पडलो आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसलो.

आई त्र्याण्णवच्या जुलैत गेली. त्याच दोन खोल्यांत, झोपेत. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने दार वाजवलं तेव्हा कळलं. मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो. सगळं धाकट्या बहिणीने, आशाने केलं होतं. ती माझ्याशी बोलेना. तेराव्याला, पाहुणे गेल्यावर, एकदाची बोलली.

"दादा, तू आईशी तसं का बोललास?"

ती त्या डिसेंबरात माहेरी आली होती. कॅसेट आली तेव्हा घरात होती. आई बाहेरच्या खोलीत ऐकत बसली, आशा आत निवडण करत होती. तिला माझा आवाज ऐकू येत होता. मग आईचा. मग माझा. तिला वाटलं, दादाचा फोन आलाय.

मग तिच्या लक्षात आलं, घरात फोन नाही.

ती उठून बाहेर गेली. आई रेकॉर्डरसमोर बसून मान डोलवत होती. "बरं," म्हणत होती. "बरं. ओरडू नकोस." आणि माझा आवाज येत होता.

रेकॉर्डरची चक्रं थांबलेली होती. कॅसेट संपून गेली होती.

"काय म्हणत होतो मी?" मी विचारलं.

आशाने डोळे पुसले. "एक वाक्य ऐकलं मी. ते मरेपर्यंत विसरणार नाही."

ते वाक्य असं. "इथे वीस खाटा आहेत, तुझी खिडकीपाशी असेल; रविवारी सगळ्यांची मुलं येतील, मी त्याच इमारतीत खाली असेन, आणि जिना चढून वर येणार नाही."

आशाला वॉर्डाबद्दल काही माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. तेव्हा त्यांच्या लेखी मी सर्जन होतो. खाटा किती, खिडकी कुठे, जिना कुठे, हे घरात मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

मी आशाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तूच ना." ती त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट डोक्यात घोळवतोय. त्याने आईला धमकी दिली, की वाचवलं? ती आली असती तर तिला मी खरंच त्या खाटेवर टाकलं असतं का? त्याने टाकलं होतं का? ती कधी आलीच नाही, मग त्याला हे माहीत कसं? की तो नुसता दुष्टपणा होता? मला उत्तर सापडलेलं नाही, आणि उदयसारख्यांची उत्तरं मला नकोत.

हे लिहितोय ते १९९९ साल आहे. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. अनुराधा दोन वर्षांपूर्वी लंडनला, स्टॅनमोरमध्ये, तिच्या भावाकडे राहायला गेली. भांडण वगैरे झालं नाही. बोलणंच बंद होत गेलं. सर्जरी सोडून मी परीक्षा बदलली, पास झालो, आणि आज त्याच वॉर्डाचा मोठा डॉक्टर आहे. घर घेतलं. मागे बाग आहे.

आवाज अजून माझाच आहे. रोज सकाळी आरशासमोर मोठ्याने एक वाक्य बोलून बघतो. हसू नका.

पंधरा वर्षं उरली आहेत. घरात मी रेकॉर्डर ठेवत नाही. आईला तसं बोलायचं नाही, कधीच बोलायचं नाही, एवढं मी ठरवून ठेवलंय. पण ठरवून काय होतं? ते तर बोलून झालंय.

गेल्या रविवारी लंडनच्या हाउन्सलोहून एक माणूस आला होता. चाळिशीचा. इथे एकट्या राहणाऱ्या आईला आमच्या वॉर्डात कायमची ठेवायला. म्हातारी खिडकीपाशी बसली होती आणि त्याचा कोट घट्ट धरून होती. त्याने एकेक बोट सोडवलं, कागदावर सही केली, माझी नजर चुकवली. बारा वर्षं अशी माणसं बघून माझं डोकं फिरायचं. दोघांना तर मी ऑफिसात बोलावून झापलंसुद्धा आहे.

या वेळी मी रागाची वाट बघत राहिलो. तो आला नाही. मी त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, तुम्ही योग्य तेच केलंत.

आणि मला ते मनापासून वाटत होतं.